इंग्लंडात व्हायोलिनच्या शिकवण्या सुरू करताना

पहिल्याच तासाला मी एका आठ वर्षांच्या मुलीचं कोपर धरून आत सरकवलं. माझ्या गुरुजींनी माझं असंच हजारदा सरकवलं असेल. ती दचकून मागे झाली. सोफ्यावर बसलेली तिची आई काही बोलली नाही, फक्त चहाचा कप खाली ठेवला. दोन दिवसांनी 'आम्ही सध्या थांबतोय' असा मेसेज आला. इथली माझी पहिली शिकवणी ती एवढीच, एका तासाची.

तेव्हा मी काही शिकवण्यात नवखी नव्हते. मिरजेत वाढले, सतारमेकर गल्लीतल्या दुकानांतले तंबोऱ्याचे भोपळे बघत शाळेत गेले, विशारद केलं, लग्नानंतर पुण्यात अकरा वर्षं पोरांना व्हायोलिन शिकवलं. २०१६ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे रेडिंगला आलो आणि कळलं की वाद्य तेच, पण शिकवणीची रीत पार वेगळी. आता ओळखीपाळखीतून कुणी ना कुणी फोन करतं, 'ताई, मलाही सुरू करायचंय, काय काय लागतं?' दर वेळी तासभर जे सांगते ते इथे एकदाचं लिहून काढते. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडमध्ये मुलांबरोबर काम करायचे नियम निराळे आहेत, तिकडच्यांनी ते तिकडे पाहावेत.

आधी कागद

व्हिसा सगळ्यात पहिला. घरी शिकवणी घेणं म्हणजे कायद्याच्या भाषेत स्वयंरोजगार. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून आला असाल तर तो करता येतो. स्टुडंट व्हिसावर अजिबात करता येत नाही. आठवड्याला काही तास कामाची जी मुभा असते ती नोकरीची, शिकवणीची नाही. 'दोनच तर मुलं आहेत, रोख देतात' म्हणून पुढचा व्हिसा पणाला लावू नका. ज्याच्या स्वतःच्या नावावर स्किल्ड वर्कर व्हिसा आहे त्यानेही जोडधंद्याचे नियम सरकारी संकेतस्थळावर वाचूनच काय ते ठरवावं.

मग घरमालक. भाड्याच्या करारात 'घरातून व्यवसाय करू नये' असं कलम बरेचदा असतं. मी एजंटला ईमेल केली: आठवड्याला सहा मुलं, एका वेळी एकच, साडेसातच्या आत सगळं आटोपेल. उत्तराला तीन आठवडे लागले, पण लेखी 'हो' हातात आलं. तोंडी 'हो'वर विसंबू नका. एजंटकडचा माणूस दर सहा महिन्यांनी बदलतो.

शेजाऱ्यांना मात्र ईमेल नको, दार वाजवा. आमचं घर सेमी-डिटॅच्ड, एक भिंत शेजारच्या आजोबांशी सामाईक. मी नवऱ्याच्या हातात व्हायोलिन दिलं, त्याला म्हटलं वाटेल तसं घास, आणि मी आजोबांच्या दिवाणखान्यात जाऊन बसले. भिंतीतून मांजर ओरडल्यासारखं येत होतं. आजोबा म्हणाले, बाकी काही नाही, पण सहाच्या बातम्या मी चुकवत नाही. तेव्हापासून सहा ते साडेसहाचा तास मी वरच्या, पलीकडच्या बाजूच्या खोलीत घेते.

कराचं लोक उगाच टेन्शन घेतात. करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. शिकवणीतून वर्षाला एकूण १,००० पौंडांपर्यंत आले तर सहसा काही कळवावं लागत नाही. त्यावर गेलात की एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या करखात्याकडे, सेल्फ असेसमेंटसाठी (आपलं विवरण आपणच भरायचं) नाव नोंदवायचं, करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरच्या आत. ऑनलाइन विवरण आणि पैसे ३१ जानेवारीपर्यंत. सगळ्या मार्गांनी मिळून १२,५७० पौंडांपर्यंतच्या कमाईवर बहुतेकांना आयकर लागत नाही, म्हणजे पहिल्या वर्षी बहुधा शून्यच भराल, पण विवरण चुकवलं तर दंड बसतो. एक वही करा. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च: तारा, रोझिन (वाजवायच्या गजाला चोळायची राळ), स्वरलिपीची पुस्तकं, संघटनेची वर्गणी. पावत्या बिस्किटाच्या डब्यात. माझा हिशेब दहा वर्षं असाच चाललाय.

डीबीएस म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी. साधं प्रमाणपत्र स्वतःचं स्वतः मागवता येतं. मुलांबरोबर काम करणाऱ्यांची सखोल तपासणी असते ती संस्थेमार्फत होते. मी संगीतशिक्षकांच्या एका संघटनेची सभासद झाले आणि तिच्याकडून करून घेतली. म्युझिशियन्स युनियन आणि इंडिपेंडंट सोसायटी ऑफ म्युझिशियन्स अशा दोन मोठ्या संघटना आहेत. वर्गणी टोचते खरी, पण त्यात पब्लिक लायबिलिटीचा विमा येतो, म्हणजे कुणाचं पोर तुमच्या जिन्यावरून घसरलं तर तुम्ही उघड्यावर पडत नाही. शिवाय कराराचे तयार नमुने मिळतात. डीबीएसमध्ये भारतातल्या वर्षांचं काही येत नाही, म्हणून निघतानाच तिकडचा पोलीस दाखला काढून आणा.

हात लावण्याआधी

आता त्या पहिल्या मुलीकडे येते. आपल्याकडे गुरू हात धरूनच शिकवतो. बोट चुकलं की टिचकी, खांदा वर गेला की वरून दाब. कुणाला त्यात काही गैर वाटत नाही. इथे मुलांना लहानपणापासून शिकवतात की तुझं अंग तुझं आहे, आणि मला विचाराल तर बरोबरच शिकवतात. आता नवं मूल आलं की पहिल्या दिवशी आईबापांसमोरच त्याला सांगते: व्हायोलिन धरायला शिकवताना कधी कधी तुझ्या कोपराला, मनगटाला हात लावावा लागेल, दर वेळी मी आधी विचारीन, तू नको म्हणालास तरी मला राग येणार नाही. आणि खरंच दर वेळी विचारते. सुरुवातीला जीभ अडखळायची. शिष्याची परवानगी मागायची सवय आपल्या जिभेला नसते.

नको म्हणणारी मुलं फार निघत नाहीत, पण निघतात, आणि त्यांच्यामुळे मला दोन गोष्टी शोधाव्या लागल्या. एक, उभा आरसा. त्यात मुलाला गज आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) दोन्ही दिसली पाहिजेत, म्हणजे गज घोडीला समांतर चाललाय की तिरका, ते त्याचं त्यालाच कळतं. दुसरं, टिशू रोल संपल्यावर उरतं ते पुठ्ठ्याचं नळकांडं. व्हायोलिन बाजूला ठेवायचं. नळकांडं डाव्या हाताने डाव्या खांद्यावर आडवं धरायचं आणि उजव्या हाताने गज त्याच्यातून आत-बाहेर करायचा, कडेला न घासता. खांदा हलला की गज लगेच पुठ्ठ्याला अडतो. कोपरातून हात उघडला तरच सुळकन जातो. दहा मिनिटांत पोराला कळतं की हालचाल कुठून यायला हवी. मी पुण्यात अकरा वर्षं कोपरं धरत होते, आणि ही गोष्ट इतक्या लवकर कुणाच्या हातात उतरली नव्हती.

बाकीचे नियम छोटे आहेत पण पाळा. खोलीचं दार उघडं. नऊ वर्षांखालच्या मुलाबरोबर आई किंवा बाबा बसलेच पाहिजेत, हा माझा नियम. मेसेज फक्त पालकांना, मूल पंधरा वर्षांचं असलं तरी. मुलाचा व्हिडिओ काढायचा तर आधी पालकांची लेखी परवानगी.

काय शिकवायचं

विशारदचं प्रमाणपत्र मी फ्रेम करून आणलं होतं. अजून कुणी वाचलेलं नाही. इथे लोक ग्रेड विचारतात. मुख्य परीक्षामंडळं दोन, १८८९ साली सुरू झालेलं एबीआरएसएम आणि ट्रिनिटी कॉलेज लंडन. दोन्हींच्या परीक्षा मुंबई-पुण्यात आणि गोव्यातही होतात, त्यामुळे नावं कानावरून गेली असतील. आधी इनिशियल, मग पहिली ते आठवी. मी पुण्यात पाचवीपर्यंत दिल्या होत्या. आठवी इथे येऊन दिली. बाहेरच्या बाकावर एका बाजूला मी, चाळिशीला टेकलेली, आणि दुसऱ्या बाजूला वेणीवाली बारा वर्षांची पोर. तिने मला रोझिन दिलं.

तुम्ही हिंदुस्तानी वाजवणारे असाल तर शिकवायला बसण्याआधी निदान सहा महिने स्वतः पाश्चात्त्य शिक्षकाकडे जा. मी गेले. लाज वाटली, पण पैसे वसूल झाले. आपण मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्याशी टेकलेलं असतं, डावा हात मोकळा, म्हणून मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, लांब निघते. इथे उभं राहायचं, वाद्य खांदा आणि हनुवटीच्या मध्ये, आणि डाव्या हाताला ठरलेल्या जागा. आपण तारा सा-प-सा-प लावतो, शेजारच्या तारांत कधी पंचमाचं अंतर, कधी मध्यमाचं. इथे जी, डी, ए, ई, सगळीकडे पंचम, आणि ए म्हणजे ४४० हर्ट्झ. काळी एक, पांढरी चार ही पट्टीची भाषा ठेवून द्यायची. माझ्या बोटांची जुनी सवय इतकी पक्की होती की साधी सुरावट वाजवतानाही मी एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे, आणि त्या बाई दर वेळी शांतपणे म्हणायच्या, 'लवली, आता न घसरता.'

पण सगळं घरी ठेवून येऊ नका. इथल्या शाळांत ताल शिकवताना मुलं 'टी' आणि 'कॉफी' म्हणतात: टी म्हणजे एक मात्रा, कॉफी म्हणजे मात्रेत दोन, कोका-कोला म्हणजे मात्रेत चार. एकदा कोका-कोला पळायला लागलं आणि कुणाच्याही जिभेवर बसेना. मी सहज म्हटलं, 'तिरकिट' म्हणून बघ. चार अक्षरं, चार टकटक टोले. आता माझी इंग्रज पोरंसुद्धा तिरकिटच म्हणतात. एकीने शाळेत जाऊन वर्गाला शिकवलं.

परीक्षांचं एवढं लक्षात ठेवा: एबीआरएसएमची सहावी किंवा पुढची द्यायची तर आधी सहसा पाचवीची थिअरी पास लागते. ट्रिनिटीला ती अट नाही. सहावी ते आठवीला विद्यापीठ-प्रवेशाचे यूकॅस गुण मिळतात, हे आपल्या पालकांना माझ्याआधी ठाऊक असतं. 'दर वर्षी एक ग्रेड होईल ना?' हा प्रश्न मला इंग्रज आईने कधी विचारलेला नाही आणि मराठी आईने विचारला नाही असं एकदाच झालंय. प्रत्येक ग्रेड द्यावीच लागते असं नाही, मधल्या गाळता येतात, हे पहिल्या भेटीतच सांगून टाका.

वाद्याचं माप हा दुसरा नेहमीचा घोळ. पाच-सहा वर्षांच्या मुलाला पूर्ण आकाराचं व्हायोलिन 'वाढेल तसं पुरेल' म्हणून देतात, जणू काही शाळेचा स्वेटर आहे. सोळांश, अष्टमांश, पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशी मापं असतात. वाद्य गळ्याशी धरून डावा हात सरळ लांब करायला लावा. व्हायोलिनचं डोकं मनगटाजवळ आलं पाहिजे. त्याच्या पुढे, बोटांपर्यंत गेलं तर मोठं झालं. आणि विकत घेऊ नका, भाड्याने घ्या म्हणून सांगा. व्हायोलिनची दुकानं महिन्याच्या भाड्याने देतात आणि मूल वाढलं की माप बदलून देतात.

हिवाळ्याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. पहिल्या जानेवारीत सकाळी केस उघडली तर चारही तारा सैल, खुंट्या सुटलेल्या, घोडी आडवी पडलेली. हीटिंगने खोलीतली हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, खुंटी भोकात धरत नाही. केस रेडिएटरजवळ ठेवू नये, खोलीत ओलावा राखावा, खुंटी फिरवताना जरा आत दाबत फिरवावी. पालकांना मात्र खुंट्यांना हातच लावू देऊ नका. खालच्या छोट्या स्क्रूंनी जेवढं सुरात लावता येईल तेवढंच. 'यूट्यूबवर बघून केलं' म्हणत तुटलेली ई तार घेऊन येणारे बाबा मी दर हिवाळ्यात दोन तरी बघते.

फी

पुण्यात महिन्याचं पाकीट टेबलावर यायचं. कुणी विसरलं तर आपण आठवण करायची नाही, पुढच्या महिन्यात जाड पाकीट येईल असं धरून चालायचं. ती सवय घेऊन इथे आले आणि पहिल्या वर्षी मार खाल्ला. मी अर्ध्या तासाला १५ पौंड ठेवले, आजूबाजूचे शिक्षक १८ घेत होते. स्वस्त म्हणून आलेले लोक तास चुकवायचे, कारण 'पंधराच तर पौंड'.

त्याहून अवघड म्हणजे आपलीच माणसं. गणपतीच्या कार्यक्रमात मी एक अभंग वाजवला. तिथेच एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, 'आमच्या दोघांना शिकवशील ना? आपल्यात काय फी-बी!' मी हसले. ते हसणं मला आठ महिने महागात पडलं, दोन मुलं, आठवड्याला एक तास, बदल्यात दिवाळीला एक चकल्यांचा डबा. चकल्या चांगल्या होत्या. पण चूक त्यांची निम्मी आणि माझी निम्मी, कारण मी आकडा सांगितलाच नव्हता.

आता एक पानाचा कागद असतो, सगळ्यांना तोच, काकूंनाही तोच. त्यात एवढंच: अर्ध्या तासाचा दर, सत्रात किती तास, सत्राची फी आधी, तास रद्द करायचा तर ४८ तास आधी कळवा, नाहीतर फी लागू. मी रद्द केला तर भरून देईन किंवा पैसे परत. बंद करायचं तर अर्ध्या सत्राची सूचना. शाळेची सत्रं तीन, प्रत्येकाच्या मधोमध हाफ-टर्मची आठवडाभर सुट्टी. मी प्रत्येक मुलाचे वर्षाला ३३ तास घेते, म्हणजे महिन्याचं उत्पन्न काढताना ३३ने गुणून बाराने भागा, ५२ने गुणू नका. ऑगस्टमध्ये कुणी फिरकत नाही आणि भाडं मात्र ऑगस्टचंही द्यावं लागतं.

ओळखीच्यांना सवलत द्यायची असेल तर जरूर द्या, पण बिलात पूर्ण रक्कम लिहून खाली सवलत वजा करून दाखवा. मग तो तुमचा मोठेपणा ठरतो. नाहीतर तोच तुमचा दर ठरतो.

मुलं कुठून येतात

पैसे देऊन केलेल्या जाहिरातीतून मला एक मूल मिळालं. व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर ठेवलेल्या कार्डांतून पाच. त्या कारागिराकडे आधी स्वतःचा गज नवे केस लावायला नेला होता, म्हणजे त्याने माझं वाद्य पाहिलेलं, मला वाजवताना ऐकलेलं. गावातल्या हौशी ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत जागा रिकामी होती, तिथे जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी आपला नातू पाठवला. ऑर्केस्ट्रात जा असं मी सगळ्यांना सांगते, कारण ग्रंथालयाच्या फळ्यावर कार्ड कुणीही लावतं, पण तुम्ही वेळेवर येता, पेन्सिल बरोबर आणता आणि दुसऱ्याला बुडवत नाही हे तिथे दर मंगळवारी दिसतं.

हिंदुस्तानी शिकायलाही लोक येतात, पण बहुतेक मोठी माणसं. माझ्याकडे एक निवृत्त भूगोलशिक्षक यमन शिकतात. गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नाही, म्हणून आम्ही खुर्चीत बसून, व्हायोलिनचं डोकं समोरच्या मोढ्यावर उशी ठेवून टेकवतो. तीव्र मध्यम लागला की ते थांबतात आणि खिडकीबाहेर बघतात. त्यांच्याकडून मी नेहमीच्या दरापेक्षा जास्त घेते, कारण त्या तासाला माझी तयारी दुप्पट लागते.

कार्ड ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लावा. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात आणि तेव्हाच आया पुढच्या वर्षाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवत असतात. मी पहिल्या वर्षी जुलैत लावलं होतं. सहा आठवड्यांच्या सुट्टीत काचेमागे उन्हाने ते इतकं फिकट झालं की फोन नंबरातला शेवटचा सात कुणालाही एक वाटला असता.